पहाटेची धाव, रात्रीचे सामने आणि मधली झोप: चहा, गोळ्या आणि रिसेप्टरचा हिशेब

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात वीस-बावीस मुलंमुली पोलीस भरतीची तयारी करतात, त्यातले सात-आठ जण कबड्डीही खेळतात. पहाटे पाचला मैदानावर हजेरी. रात्री कधी सामना, कधी रात्रपाळीची लाईट असली की ओलीत, कधी रानडुकरांसाठी शेतात जागल. दिवस चहा आणि एनर्जी ड्रिंकवर निघतो. दोन मुलं झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलमच्या गोळ्या आणून घेतात, एकानं ऑनलाइन मेलाटोनिन मागवलंय, तेही झोपेसाठीच. तुम्ही विचारता की यातलं काय चालेल, आणि 'रिसेप्टरवर काम करतं' म्हणजे नेमकं काय होतं.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. गोळी एकही नको. चहा बंद करायची गरज नाही, त्याची वेळ बदलायची. पाचची धाव हीच तुमच्या मैदानावरची झोपेची सगळ्यात मोठी चोर आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. अल्प्राझोलम घेणाऱ्या त्या दोघांना मात्र 'आजपासून बंद' असं सांगू नका. ते का, ते शेवटी लिहिलंय, तेवढं नक्की वाचा.

आधी घड्याळ. पाचला मैदानावर यायचं तर साडेचारला उठणं आलं. वाढत्या वयाच्या, रोज घाम गाळणाऱ्या पोराला आठ तास झोप धरली तर साडेआठला डोळा लागला पाहिजे. गावात साडेआठला चुलीवर पोळ्या चालू असतात. म्हणजे प्रत्यक्षात झोप मिळते पाच-साडेपाच तास, आणि मुलींना त्याहून कमी, कारण मैदानावर येण्याआधी पाणी भरून, भांडी आवरून यावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या जलतरणपटूंवर २०१४ साली असाच अभ्यास झाला होता. सकाळी सहाच्या सरावाआधीच्या रात्री त्यांची झोप सरासरी ५.४ तास भरली, सुट्टीच्या आधीच्या रात्री ७.१ तास. खेळाडू लवकर झोपायचा प्रयत्न करत होते, पण शरीराचं घड्याळ सरावाचं वेळापत्रक बघून मागे सरकत नाही. किशोरवयात तर ते घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं.

झोप वाढवली तर काय होतं, याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास स्टॅनफर्डचा, २०११ चा. बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. २८२ फुटांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. आकडे सुखावणारे आहेत, पण सोबत तुलनेला दुसरा गट नव्हता. त्या आठवड्यांत सरावही चालूच होता, त्यामुळे सगळं श्रेय झोपेला देता येत नाही. २०१४ चा आणखी एक अभ्यास: शाळकरी खेळाडूंमध्ये आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली. इथेही झोपेचे तास मुलांनी स्वतः सांगितलेले होते. मी हे दोन्ही दिशादर्शक म्हणून वापरतो, वचन म्हणून नाही.

ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा अभ्यास २००३ चा, पेनसिल्व्हेनियातला. धडधाकट माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास अंथरूण दिलं. दोन आठवड्यांनी त्यांची प्रतिक्रिया सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. पण गंमत अशी, की त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं. 'झोप येतेय का' याचं उत्तर काही दिवसांनी तिथल्या तिथेच थांबलं, चुका मात्र वाढत राहिल्या. म्हणून 'सर, मला पाच तास पुरते, सवय झाली' असं जो पोरगा सांगतो, तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच कळत नसतं.

आता रिसेप्टर. जागेपणी मेंदू ऊर्जा खर्च करतो आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. मांजरांच्या मेंदूत जागरणाबरोबर तो वाढताना आणि झोपेत उतरताना १९९७ साली थेट मोजला गेला. हा ॲडेनोसिन पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतो, त्या जागा म्हणजे रिसेप्टर. तो बसला की मेंदूचा वेग मंदावतो आणि जांभया सुरू होतात.

कॅफिन काय करतं? एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तेच. रुमाल काही प्रवासी नाही, तो तिकीट काढत नाही, पण तो आहे तोवर दुसरा कोणी तिथे बसत नाही. औषधशास्त्रात याला ॲन्टॅगोनिस्ट म्हणतात. महत्त्वाचं असं, की गाडीत प्रवासी चढायचे थांबत नाहीत. प्रत्येक थांब्यावर ॲडेनोसिन चढतच राहतं आणि मधल्या जागेत उभं राहतं. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम बसतात. दुपारी तीनच्या चहानंतर सहा-सातला मुलं एकदम ढेपाळतात, त्यात याचा वाटा असतो.

जर्मनीतल्या युलिश इथल्या संशोधकांनी जिवंत माणसांच्या मेंदूत हे मोजलंय. या जागांपैकी ए-वन नावाच्या जातीच्या निम्म्या जागा अडवायला रक्तात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम कॅफिन लागलं. ७० किलोच्या माणसाला त्यासाठी ४५० मिलिग्रॅमच्या आसपास घ्यावं लागेल, म्हणजे चार-पाच कप कडक कॉफी. त्याच गटानं २०१७ साली आणखी एक दाखवलं, आणि माझ्या मते तुमच्या कामाचं तेच जास्त आहे. ५२ तास जागवलेल्या लोकांच्या मेंदूत या रिकाम्या जागाच वाढलेल्या दिसल्या, आणि १४ तासांच्या झोपेनंतर त्या पुन्हा पूर्ववत झाल्या. म्हणजे जागरण झालं की प्रवासीही वाढतात आणि सीटाही. कितीही रुमाल आणले तरी पुरत नाहीत, गाडी रिकामी होते ती फक्त झोपेत. टेनिसपटूंवरच्या २०१३ च्या अभ्यासात हेच मैदानावर दिसलं: पाच तासांवर झोप आणल्यावर सर्व्हिसची अचूकता घसरली, आणि ८० मिलिग्रॅम कॅफिननं ती परत आली नाही.

जागांच्या जाती दोन लक्षात ठेवा. ए-वन मेंदूभर पसरलेली. ए-टू-ए मेंदूच्या आतल्या भागात, हालचाल आणि उत्साह सांभाळणाऱ्या केंद्रांत दाट. ए-टू-ए नसलेले उंदीर तयार करून त्यांना कॅफिन दिलं, तर ते जागे राहिलेच नाहीत. म्हणजे झोप उडवण्याचं मुख्य काम या दुसऱ्या जागेवरून होतं. कॅफिन घेतलेल्या धावपटूला तोच वेग कमी कष्टाचा वाटतो आणि दुखणं कमी जाणवतं, तेही याच अडवणुकीमुळे. म्हणून कॅफिन नुसतं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी, यानं कामगिरी सुधारते हे भरपूर प्रयोगांत दिसलंय, आणि २००४ पासून ते खेळाडूंसाठीच्या उत्तेजकांच्या बंदी-यादीतही नाही.

आता तुमच्या मैदानाचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५. टपरीवरचा आपला कप शंभर मिलीच्या आतला, त्याला ३० धरू. एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम एवढी मुभा आहे, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत. बाटलीवर कॅफिनचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो, मुलांना तो स्वतः शोधून वाचायला लावा. तालुक्याच्या जिममधल्या प्री-वर्कआउट पावडरीत एका चमच्यात २०० च्या वर सहज असतं, आणि डब्यावर न लिहिलेलं काय असेल याची खात्री नसते. आपल्या देशातले खेळाडू २०१० मध्ये मिथाइलहेक्झानामिनसाठी सापडले होते. हे उत्तेजक पूरक पावडरींत मिसळलेलं मिळत असे. ती पावडर मैदानाच्या आत येऊ देऊ नका.

कॅफिनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं उतरायला लागणारा वेळ, सरासरी पाच तास. समजा रात्रीचा सामना आहे. पोरानं आठ वाजता बाटली मारली (७५), साडेनऊला मध्यंतरात एक चहा (३०). सामना साडेअकराला संपला, घरी येऊन एक वाजता आडवा झाला. बाटलीतलं ३७ उरलंय, चहातलं १८. मिळून ५५. म्हणजे रात्री एक वाजता तो जणू घरचा मोठा कप कडक चहा आत्ताच पिऊन झोपायला निघालाय. डोळा लागेलही, कारण दमलेला आहे. पण कॅफिन असताना गाढ झोप उथळ होते, सकाळी अंग जड, मग पुन्हा चहा. २०१३ च्या एका अभ्यासात ४०० मिलिग्रॅम कॅफिन झोपेच्या सहा तास आधी दिलं तरी तासाहून जास्त झोप गेली. तो डोस आपल्या चहाच्या कितीतरी पट आहे हे खरं, पण दिवसभरात आठ कप आणि दोन बाटल्या करणारा पोरगा त्या आकड्याच्या फार लांब नसतो.

ही पाच तासांची सरासरी माणसागणिक दोन ते दहा तासांपर्यंत हलते, आणि काही कारणं ओळखता येतात. कॅफिनला मोडण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे ते एन्झाइम वाढतं, म्हणून ओढणाऱ्यांचं कॅफिन लवकर उतरतं. खर्ऱ्यात धूर नाही, त्यामुळे खर्रा खाणाऱ्याला तो 'फायदा' नाही. उलट तंबाखूतलं निकोटिन स्वतःच्या वेगळ्या रिसेप्टरवर बसून जागं ठेवतं, आणि सुपारीतलं अरेकोलिनही उत्तेजकच. रात्री नऊनंतरचा खर्रा झोपेच्या हिशेबात चहाच्या कपाइतकाच धरा. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॅफिनचं अर्धायुष्य जवळजवळ दुप्पट होतं.

आणि एक गोष्ट खेड्यात फार दिसते. जुलाब लागले की मेडिकलवरून सिप्रोफ्लॉक्सासिन. ही गोळी तेच एन्झाइम अडवते, कॅफिन रक्तात रेंगाळतं, छाती धडधडते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पोरगं म्हणतं पोटामुळे झोप नाही. शिवाय या गटातल्या औषधांनी टाचेची शिर, म्हणजे अकिलीस स्नायुबंध, दुखावू किंवा तुटू शकतो. सोळाशे मीटरची तयारी करणाऱ्यानं ही गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊच नये. घ्यावीच लागली तर तेवढे दिवस चहा कमी करावा आणि वेगाचा सराव थांबवावा.

मग मैदानाचा नियम काय? रोज झोपायची वेळ दहा असेल तर दुपारी दोननंतर कॅफिन नाही. रात्रीच्या सामन्याला बाटली नको, हवाच तर सातच्या आत एक चहा. भरतीच्या मैदानी चाचणीसाठी ६० किलोच्या मुलाला ३ मिलिग्रॅमच्या हिशेबानं १८० येतात, म्हणजे सहा कप. एवढा चहा पिऊन कोणी धावत नाही, पोटात डचमळतं आणि लघवीला पळावं लागतं. दोन कप पुरेत, चाचणीच्या तासभर आधी, सोबत केळं किंवा पोळीचा तुकडा, आणि हा प्रयोग आधी सरावात तीनदा करून बघितलेला असावा. उलटी चूकही होते: रोज सहा कप पिणारा पोरगा 'भरती आहे' म्हणून आदल्या दिवशी चहा सोडतो. बंद केल्यापासून १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी ते कळसाला असतं, नेमकं गोळाफेकीच्या रांगेत. कमी करायचा तर तीन आठवडे आधीपासून, दर तीन-चार दिवसांनी एक कप.

मेलाटोनिनबद्दल थोडक्यात. हे झोपेचं औषध नाही, रात्र झाल्याची दवंडी आहे. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडते, आणि घड्याळ सांभाळणाऱ्या केंद्रातल्या एमटी-वन, एमटी-टू या रिसेप्टरवर ते बसतं. पहिलं त्या केंद्राचा गलका कमी करतं, दुसरं मुख्यतः घड्याळाचा काटा पुढेमागे सरकवतं. निद्रानाश असलेल्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर मेलाटोनिननं झोप सरासरी सात मिनिटं लवकर लागली. सात मिनिटं! त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा पोरानं मोबाइल सात मिनिटं आधी ठेवला तर तेच झालं. शिवाय डबीत काय असतं याचा भरवसा नाही. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तेव्हा लेबलच्या ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्त इतका फरक निघाला. बंदी-यादीत ते नाही, विमानानं अनेक देशांची वेळ ओलांडणाऱ्या खेळाडूला उपयोगीही आहे. यवतमाळहून अमरावतीला स्पर्धेला जाणाऱ्याला त्याचं काय काम? अठराच्या आतल्या मुलाची डबी पालकांना सांगून बंद करा.

झोपेच्या गोळीचं काम वेगळ्याच रिसेप्टरवर आहे. गाबा हा मेंदूचा ब्रेक. त्याचा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार, गाबा बसला की ते उघडतं आणि पेशी शांत होते. अल्प्राझोलम गाबाच्या जागेवर बसत नाही. ते शेजारच्या कोपऱ्यात बसतं आणि दाराचा खटका सैल करतं, मग तेवढ्याच गाबावर दार जास्त वेळा उघडतं. माणूस लवकर झोपतो, पण गाढ, संथ लहरींची झोप घटते. आणि अर्धायुष्य साधारण ११ तास. रात्री साडेदहाला घेतलेल्या गोळीचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग पहाटे साडेचारला रक्तात आहे. त्या अवस्थेत पोरगा अंधारात डांबरी रस्त्यावर धावतो, समोरून रेतीचा टिप्पर. तोल, अंतराचा अंदाज, प्रतिक्रिया सगळंच उतरलेलं. सोबत मोहाची दारू किंवा बिअर पडली तर श्वास मंदावण्याचा धोका आहे, कारण दारूही याच दारावर जोर लावते.

सर्दीची गोळी 'झोप छान लागते' म्हणून घेणारेही तुमच्याकडे निघतील, विचारून बघा. तिच्या पाठीवर क्लोरफेनिरामिन लिहिलेलं असतं. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनच्या एच-वन रिसेप्टरवर ते रुमाल टाकतं. अर्धायुष्य वीस तासांच्या आसपास, म्हणून दुसरा दिवस पेंगण्यात जातो. आपल्याकडे त्याहून वाईट असं, की ही जुनी औषधं घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे रिसेप्टरही काही प्रमाणात अडवतात. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-यवतमाळकडे पारा ४५ कडे सरकलेला असताना घाम कमी येणं म्हणजे उष्माघाताला वाट मोकळी करून देणं. खोकल्याच्या औषधात टर्ब्युटालिन असेल तर आणखी वेगळी पंचाईत: ते बीटा-टू रिसेप्टर चेतवतं, हात थरथरतात, छाती धडधडते, झोप जाते. आणि राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यासाठी ते वर्षभर बंदी असलेलं द्रव्य आहे. नाक मोकळं करणाऱ्या औषधांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात लघवीत ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की बंदीत येतं. 'डॉक्टरनं साधं खोकल्याचं औषध दिलं होतं' ही सबब तपासणीत ऐकली जात नाही. बाटलीचा फोटो काढून ठेवायची सवय लावा.

झोपेची नवीन औषधं ऑरेक्झिन या, मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर रुमाल टाकतात. हे रसायन १९९८ साली सापडलं, पहिलं औषध, सुव्होरेक्झंट, २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. वाचायला छान आहे, तुमच्या मैदानाशी त्याचा आज संबंध नाही.

आता करायचं काय. धाव हंगामाप्रमाणे हलवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्यच पावणेसातच्या सुमारास उगवतो, थंडीत पाचला पोरं उठवून काही मिळत नाही, साडेसहाला बोलवा. मे महिन्यात उन्हामुळे सव्वापाच-साडेपाच सोडता येत नाही, तेव्हा आठवड्यात चारच सकाळी ठेवा, बाकी दोन सराव संध्याकाळी साडेसहानंतर, आणि पहाटेच्या सरावाआधी जेवण सातला उरकेल असं घरी सांगा. हे शेवटचं तुम्ही स्वतः पालकांना सांगितलं तरच होतं. मुलींच्या घरी तर नक्की.

दुपारची झोप आपल्याकडे उन्हाळ्यात तशीही असतेच, तिला शिस्त लावा. एक ते तीनच्या मध्ये, २० मिनिटं. रात्र पूर्ण बुडाली असेल तर दीड तास. चाळीस-पन्नास मिनिटांची झोप सगळ्यात वाईट, कारण गाढ झोपेतून उठल्यावर अर्धा तास डोकं बधिर राहतं. उठल्यानंतर सरावाला किमान तास जाऊ द्या.

जागल आणि ओलीत टळत नाही. पण दोन भाऊ असतील तर अर्ध्याअर्ध्या तासाची आलटून-पालटून पाळी करू नका. एकानं नऊ ते एक झोपावं, दुसऱ्यानं एक ते पाच. चार तास अखंड आणि रोज त्याच वेळी मिळाले तर शरीराचं घड्याळ बरंच टिकून राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळची धाव माफ, दुपारी दीड तास झोप, संध्याकाळी हलका सराव. लाईटचा आठवडा आधीच माहीत असतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात रोज तास-दीड तास जास्त झोपू द्या. अशी आगाऊ झोप घेतलेले लोक पुढच्या जागरणात कमी घसरतात, असं २००९ च्या प्रयोगात दिसलंय.

खोलीचं म्हणाल तर झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. स्लॅबची खोली मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत असते, तिथे झोपण्यापेक्षा अंगणात बाज आणि मच्छरदाणी बरी. खोलीतच झोपायचं तर सूर्य कलल्यावर स्लॅबवर पाणी मारा. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं हवा ओढेल असा, आणि समोरची खिडकी उघडी. सगळं बंद करून कूलर लावला की ओल साचते, घाम वाळत नाही, पोरं रात्रभर कूस बदलतात. पावसाळ्यात पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. झोपण्याच्या तास-दोन तास आधी कोमट-गरम पाण्यानं दहा मिनिटं अंघोळ केली तर झोप लवकर लागते, कारण त्वचेकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. उन्हाळ्यात त्यासाठी पाणी तापवावं लागत नाही, स्लॅबवरची काळी टाकी ते काम करून ठेवते.

चौदा दिवस एक वही ठेवा. रकाने एवढेच: अंथरुणावर किती वाजता, डोळा लागला अंदाजे, उठलो, दुपारची झोप, शेवटचा चहा किंवा बाटली, शेवटचा खर्रा, आणि पट्टीचे सेंटिमीटर. ही पट्टी म्हणजे ३० सेंमीची साधी शाळेतली. एकानं ती उभी धरायची, शून्य खाली. दुसऱ्यानं अंगठा आणि तर्जनी शून्याजवळ दोन बोटं अंतरावर उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची, जिथे पकडली तो आकडा लिहायचा. आठ वेळा करा, पहिले तीन सोडा, पाचांची सरासरी काढा. १५ सेंमी म्हणजे ०.१७५ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे जवळपास ०.२३. उठल्या उठल्या करू नका, मैदानावर येऊन वॉर्मअपच्या आधी करा. मुलाचा आकडा दुसऱ्याशी ताडायचा नाही, त्याच्याच नेहमीच्या आकड्याशी ताडायचा. ठोकताळा असा: झोप सहा तासांच्या आत आणि पट्टीचा आकडा नेहमीपेक्षा तीन-चार सेंमी जास्त, तर त्या दिवशी वेगाची धाव आणि पकडीचा सराव नाही, चालणं-स्ट्रेचिंग करून घरी. मनगटी घड्याळ एकूण तास बरे मोजतं, पण 'गाढ झोप ४७ मिनिटं' हा आकडा मनावर घेऊ नका.

डॉक्टरकडे कोणाला पाठवायचं? जाड मानेचा, मोठ्यानं घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा. रात्री पायांना वळवळ सुटते, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं सांगणारी मुलगी, तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लोह कमी असलं की हे होतं. आणि आपल्या भागात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर ती सगळ्यांचीच करून घ्या. वाहक असलेला मुलगा उन्हात, पाणी न पिता, जागरण करून जोर लावून धावला तर मैदानावर कोसळू शकतो.

राहिली ती दोन मुलं. किती मिलिग्रॅम आणि किती दिवसांपासून, एवढं शांतपणे विचारा, सगळ्यांसमोर नाही. दोन-तीन वेळाच घेतली असेल तर विषय संपला. पण महिनाभर रोज घेतली असेल तर ते दार आता गोळीच्या सवयीचं झालंय. अचानक बंद केली तर दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, हात थरथर, घाबरं होणं, क्वचित झटकेही येतात. म्हणून त्यांना ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या मानसोपचार ओपीडीला स्वतः घेऊन जा, गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा, डोस काही आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवला जाईल. तोवर त्यांची पहाटेची रस्त्यावरची धाव बंद, संध्याकाळी मैदानातच. आणि ज्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी मिळाली तिथे जाऊन एकदा सांगा, की ही शेड्यूल एच-वनची गोळी आहे, वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहिल्याशिवाय ती विकता येत नाही. बहुतेक वेळा एवढं पुरतं.